वर्लिनचा अर्धा बेलर

वर्लिननं बेलरचे दोन्ही नॉटर काढून नेले होते. माझं सगळं गवत कापून, वाळवून, ओळी करून शेतात पडलेलं, दुपारनंतर पाऊस येणार म्हणून रेडिओवाला सकाळपासून बोंबलतोय, आणि फाटकापाशी उभ्या, गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या बेलरच्या डोक्यावर, जिथे सुतळीला गाठ मारणारी ती दोन लोखंडी यंत्रं असतात, तिथे नुसती मोकळी जागा. बोल्टसुद्धा नेले मेल्यानं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

बिघडले असतील, दुरुस्तीला नेले असतील, असं क्षणभरही माझ्या मनात आलं नाही. त्या माणसाबरोबर मी अर्धं आयुष्य संसार केलाय. नॉटर काढलेल्या जागी त्यानं तेलात भिजवलेली फडकी दाबून बसवली होती, धूळ जाऊ नये म्हणून. म्हणजे घाईत केलेलं काम नव्हतं, नीट विचार करून, वेळ काढून केलेलं होतं. ती फडकी बघून मी आणखीच भडकले. एक उपटून काढलं आणि गवतात भिरकावलं, मग पुन्हा शोधून आणून होतं तिथे कोंबलं, कारण धूळ गेली तर नुकसान माझंही होतं.

आमचा बेलर साधारण माझ्याच वयाचा आहे. चौकोनी गठ्ठे बांधतो, एका माणसाला उचलता येतील असे. आता विस्कॉन्सिनभर सगळे ते भलेमोठे गोल गठ्ठे करून प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. करू देत. आमच्या डोंगरउतारावर गोल गठ्ठा एकदा सुटला की खालच्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात जाऊनच थांबतो. आम्ही हा बेलर लग्नाच्या वर्षी लिलावात घेतला, आणि घटस्फोट झाला तेव्हा भांडण झालं ते ह्याच्यावरूनच. घर मला आलं, वरची जमीन त्याला, शेड त्याला, गुरांचा गोठा मला. कुत्रा आपण होऊन त्याच्यामागे गेला, नालायक. बेलर काही वाटता येईना. दुसरा घ्यायची दोघांचीही ऐपत नव्हती. वकील म्हणाला, दोघांपैकी एकानं ठेवा. मी म्हटलं, का म्हणून? वर्लिनही तेच म्हणाला. आख्ख्या घटस्फोटात आमचं एकमत झालं ते तेवढंच.

शेवटी वकिलांना बाजूला सारून आम्हीच तोड काढली. पुढचा भाग माझा, मागचा त्याचा. पुढचा म्हणजे गवत उचलणारे दात, फ्लायव्हीलचं ते जड चाक आणि गवत ठेचून आत दाबणारा दट्ट्या. मागचा म्हणजे सुतळी वर आणणाऱ्या दोन लांब सुया आणि त्यांच्यावरचे नॉटर. ज्याचा भाग त्यानं सांभाळायचा, दुसऱ्यानं त्याला पाना लावायचा नाही. एका वर्षी आधी तो गवत काढणार, दुसऱ्या वर्षी आधी मी. काम झालं की बेलरचं पोट रिकामं करायचं, ग्रीस भरायचं, पुसून घ्यायचं आणि दोन शेतांमधल्या फाटकाशी आणून ठेवायचा. फाटकापलीकडे पाऊल टाकायचं नाही. बोलायचं तर नाहीच.

टोमणे मात्र बेलरवरून चालत. माझ्याकडून एखाद्या जागी ग्रीस भरायचं राहिलं की तो तेवढीच जागा चकचकीत पुसून ठेवायचा, मला दिसावं म्हणून. त्याच्या नॉटरनं गाठ चुकवून एखादा गठ्ठा सुटला की मी तो सुटलेला गठ्ठा तसाच्या तसा फाटकाशी नेऊन मांडायची. वर्षानुवर्षं हे असंच. लोक हसायचे. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना बायका मला विचारायच्या, काय गं, यंदा नवऱ्यानं ग्रीस नीट भरलं का? मी म्हणायची, नवरा गेला, ग्रीस तेवढं राहिलंय.

घटस्फोट का घेतला म्हणून विचाराल तर एका वाक्यात सांगते. मी बहिणीच्या आजारपणात चार दिवस तिच्याकडे गेले होते, परत आले तर दुभत्या गाईंचा गोठा रिकामा. चांगलं गिऱ्हाईक आलं होतं, म्हणाला. गाई गेल्याचं दुःख मी गिळलं असतं, त्या वर्षी निम्म्या खोऱ्यानं गाई काढल्या. मला विचारलं नाही, ते काही माझ्या घशाखाली उतरलं नाही. आणि आता इतक्या वर्षांनी पुन्हा तेच, त्याच तोंडानं.

हे गवत गेलं तर काय होणार होतं तेही सांगते, म्हणजे मी उगाच आकांडतांडव करत होते असं कुणाला वाटायला नको. माझ्याकडे थोडी मांसाची गुरं आहेत. थोडी म्हणजे जोलीनच्या मते फार. जोलीन आमची मुलगी, गावात राहते, बँकेत काम करते आणि दर रविवारी माझ्यामागे भुणभुण लावायची. आई, गुरं काढ, इकडे राहायला ये. आई, तुझं वय काय. आई, तू पडलीस तर कुणाला कळणार. एकदा वैतागून मी तिला शब्द दिला. म्हटलं, ज्या वर्षी माझं पहिल्या कापणीचं गवत मला घरात आणता येणार नाही, त्या वर्षी गुरं काढीन आणि तुझ्या त्या लिफ्टच्या इमारतीत येऊन खिडकीशी बसेन. तोवर तोंड बंद. तिनं बंद ठेवलं. शब्द पाळायची सवय आमच्या घरात बाईमाणसांनाच आहे.

तर मी पिकअप काढली आणि सरळ फाटकातून त्याच्या हद्दीत घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

वर्लिन स्वयंपाकघरात बसला होता. समोर कॉफी, रुबार्बच्या केकचा तुकडा, आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर दोन्ही नॉटर, घासूनपुसून, तेल लावून, नव्यासारखे. जेवायच्या टेबलावर. माझ्याच आईनं दिलेलं टेबल ते. मी येणार हे त्याला माहीत होतं, कारण दुसरा कप मांडून ठेवला होता. मी कपाकडे बघितलंसुद्धा नाही. जे जे तोंडात आलं ते ते बोलून घेतलं. चोर म्हटलं, भेकड म्हटलं, त्याच्या बापाचा उद्धार केला, तो गेलेला आहे, देव त्याला सुखी ठेवो, पण केला. वर्लिन शांतपणे केक खात राहिला. हा माणूस आयुष्यात कधी चढ्या आवाजात बोलत नाही, आणि त्यामुळे समोरचा माणूसच वेडा ठरतो. ह्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी त्याला सोडलं असतं.

माझा श्वास संपला तेव्हा त्यानं शर्टाच्या खिशातून काहीतरी काढून नॉटरच्या शेजारी ठेवलं. चामड्याच्या हातमोज्याचं एक बोट होतं. शेंड्याला निळ्या दोऱ्यानं शिवलेलं. माझे मोजे मी निळ्या दोऱ्यानंच शिवते.

"हे वसंतात ग्रीस भरताना सापडलं," तो म्हणाला. "नॉटरच्या चोचीत, गाठ वळते तिथे. सुतळीबरोबर त्यालाही गाठ मारलेली होती, आर्डिस. पक्की गाठ."

मी दोन्ही हात टेबलावर पसरले. म्हटलं, मोज. दहा आहेत. दहापर्यंत येतात ना तुला?

"बोट मोज्यात नव्हतं म्हणून दहा आहेत," तो म्हणाला.

ते खरं होतं. गेल्या वर्षी दुसऱ्या कापणीला सुतळीचा गुंता अडकला होता आणि मी तो हातानं काढत होते. बेलर चालू असताना. आता त्यातही एक शास्त्र आहे. आत गवत जात नसलं की सुया वर येत नाहीत. गठ्ठ्याची लांबी मोजणारं दातेरी चाक पुढे सरकलं, की मग वरचा दांडा सुटतो, सुया उठतात आणि नॉटर फिरतो. गवत नाही तर चाक नाही, चाक नाही तर सुई नाही. नुसता दट्ट्या पुढेमागे होत राहतो. त्यामुळे ट्रॅक्टर उभा करून, बेलर तसाच फिरत ठेवून, पटकन हात घालायला हरकत नसते. हे आमच्या खोऱ्यात प्रत्येकाला माहीत आहे. ज्यांची ज्यांची बोटं गेली, त्यांनाही माहीत होतं.

आणि मी तरी बेलर बंद कसा करणार? माझा ट्रॅक्टरही जुनाच. ट्रॅक्टरच्या जोरावर बेलर फिरवणारा शाफ्ट सोडवायचा दांडा कधीचा गंजून बसलाय, त्यामुळे इंजिन चालू म्हणजे बेलर चालू. क्लच दाबून धरला तर शाफ्ट थांबतो, पण एकटी बाई क्लचवर पाय ठेवून मागे नॉटरपर्यंत हात कसा पोचवणार? इंजिन बंद करावं, तर एकदा गरम इंजिन बंद केलं की ते पार थंड होईपर्यंत हूं की चूं करत नाही. म्हणजे उरलेली दुपार गेली. हे सगळं मी वर्लिनला ऐकवलं. तो म्हणाला, माहीत आहे, तो ट्रॅक्टर मीच घेतला होता.

"वसंतात सापडलं ना?" मी म्हटलं. "मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतास? माझं गवत पडायची वाट बघत होतास?"

"आधी सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नाही."

"मग?"

मग काय, कपाळ! मी म्हटलं, मला विचारायचं होतंस. तो म्हणाला, विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस. म्हणजे गाईंच्या वेळेचंच ते. अक्षर इकडचं तिकडे नाही. त्याच्या डोक्यात विचारणं ही गोष्ट फक्त हो मिळणार असेल तरच करायची असते. मला वाटलं, तो नॉटर उचलावा आणि ह्याच्या डोक्यात घालावा. पण खिडकीतून डोंगरामागे ढग दिसायला लागले होते.

त्याची अट सोपी होती. नॉटर तो स्वतः येऊन बसवणार. ट्रॅक्टरवर तो बसणार, मी मागच्या ट्रॉलीवर गठ्ठे रचणार. नॉटर अडला तर तो बघणार. त्याचा ट्रॅक्टर क्लचसाठी उघडून शेडमध्ये दोन तुकड्यांत पडला होता, त्यामुळे चालवायचा तो माझाच. मी हो म्हटलं नाही. मी म्हटलं, चल.

नॉटर बसवायला तास गेला. मी डोळे वर करून ढग बघतेय, हा आपला गुणगुणत सुयांशी वेळ जुळवतोय. फ्लायव्हील हातानं फिरवायचा, सुई वर आणायचा, बोटानं अंतर मोजायचा, पुन्हा मागे फिरवायचा. मध्येच त्यानं माझ्याकडे न बघता हात मागे केला आणि मी त्या हातात पाना ठेवला. बरोबर तोच, जो हवा होता. त्यानं मागितला नव्हता आणि मी विचार केला नव्हता. त्याचा मला असा राग आला, स्वतःचाच, की पुढचा पाना मी मुद्दाम चुकीचा दिला. तो उठला आणि आपणच जाऊन बरोबर घेऊन आला.

मग सुरू झालं. हे कबूल करायला जड जातं, पण बेलर इतका सुरेख चालताना मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. दट्ट्याचा ठोका एकसारखा, गठ्ठे घट्ट, कोपरे धारदार, गाठी अशा की नखानं उचकटणार नाहीत. एकटी असताना मी गठ्ठे जमिनीवर पाडायची आणि मग दिवसभर वेचत बसायची. आता गठ्ठा सरळ ट्रॉलीवर येत होता आणि मी उचलून रचत होते. वर्लिन वळणावर वेग कमी करत नव्हता, तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या. पुढच्या वळणावर त्यानं इतका कमी केला की मी पुन्हा घातल्या. इंजिनाच्या आवाजात त्याला काही ऐकू जात नव्हतं, पण मानेवरून कळत होतं की कळतंय. माझ्या नव्या कुंपणाजवळून जाताना त्यानं ते शेवटपर्यंत नजरेनं तपासलं. खोट काढायला जागा नव्हती, म्हणून गप्प बसला.

निम्मं शेत झालं. ट्रॉली उंच भरली. समोरच्या कड्यावर आकाश काळंनिळं झालं होतं आणि वारा थंड सुटला होता, तो पावसाच्या तोंडावर सुटतो तसा. मी मनात हिशेब केला की हा बाबा असाच चालला तर उरलेलं सगळं येतं. नक्की येतं. पुढच्या रविवारी जोलीनला गोठ्याच्या गवतानं भरलेल्या माळ्यावर नेऊन दाखवायचं, ही बघ तुझी लिफ्ट.

तेवढ्यात एक गठ्ठा सुटलेला आला. एकीकडची सुतळी नुसती लोंबत होती. पुढचाही तसाच. वर्लिननं मागे वळून पाहिलं, ट्रॅक्टर थांबवला, गिअर काढला आणि खाली उतरला. इंजिन चालू. दट्ट्या धडाधड पुढेमागे चाललेला. मला वाटलं, आता मला हाक मारील, म्हणेल, क्लचवर बस, मी गुंता काढतो. दोन माणसं असली की तसंच करायचं असतं, त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही. तो बेलरपाशी गेला, चाकावर एक पाय ठेवून वर चढला, वाकला, आणि उजवा हात कोपरापर्यंत नॉटरखाली घातला.

मी ओरडले. त्याला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. त्याची पाठ माझ्याकडे होती, टोपी मागे सरकलेली, आणि तो सुतळी ओढत होता. दुसरा हात आधारासाठी कुठे ठेवावा म्हणून त्यानं डावं कोपर टेकवलं, आणि मला वरून स्पष्ट दिसलं की ते त्यानं त्या दांड्यालाच टेकवलंय. सुया सोडणाऱ्या दांड्याला.

ट्रॉलीवरून मी उतरले की पडले, मला आठवत नाही. गुडघा अजून काळानिळा आहे. त्याच्या बाजूनं धावत मी पुढे ट्रॅक्टरपाशी गेले. क्लच पलीकडच्या बाजूला होता. इंजिन बंद करायचं बटण माझ्या बाजूला होतं. मी बटण ओढलं.

इंजिन धक्के देत थांबलं. मागे फ्लायव्हीलनं आणखी एक जड गिरकी घेतली आणि तेही थांबलं. एकदम इतकी शांतता झाली की कड्यावरचा गडगडाट ऐकू आला.

"बंद का केलास?" वर्लिन म्हणाला. हात अजून आतच. "आता हा सुरू होणार नाही."

"खाली बघ," मी म्हटलं.

त्यानं बघितलं. दोन्ही सुया निम्म्या वर आल्या होत्या. सुतळी घेऊन, त्याच्या मनगटाच्या बरोबर खाली. नॉटरची चोच अर्धी वळून उघडी राहिली होती आणि तिच्यात त्याच्या बाहीचं बटण होतं.  मग त्यानं डाव्या हातानं बटण तोडलं आणि हात बाहेर काढला, हळूहळू, दुसऱ्या कुणाचा तरी हात असावा तसा.

मग मात्र माझा बांध फुटला. मी त्याला काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. मला शिकवतोस? नॉटर काढून नेतोस, माझ्या मोज्याचं बोट टेबलावर मांडतोस, मला लहान पोरीसारखं बसवून ऐकवतोस, आणि स्वतः? मला क्लचवर बसायला सांगायला काय झालं होतं? तोंडाला कुलूप लागलं होतं? सांगितलं असतंस तर मी बसले असते! नाहीतर तू क्लच दाबून धरायचा होतास, मी गुंता काढला असता!

"नॉटर माझे आहेत," तो म्हणाला.

खरंच असं म्हणाला. तोंड पांढरंफटक, आणि नॉटर माझे आहेत. मी त्याच्या दंडावर मारलं. जोरात मारलं. मग आणखी एकदा मारलं. तो मार खात उभा राहिला. पावसाचे मोठे मोठे थेंब बेलरच्या पत्र्यावर वाजायला लागले आणि तापलेल्या इंजिनावर पडून त्यांची वाफ व्हायला लागली. वर्लिननं जाऊन ट्रॅक्टर सुरू करायचा प्रयत्न केला. एकदा, दोनदा, मग नुसती कटकट. मी त्याला म्हटलंसुद्धा नाही की सोड. तोच सोडून आला.

भरलेल्या ट्रॉलीवर आम्ही ताडपत्री ओढली. निम्मं गवत वाचलं. उरलेलं निम्मं समोर ओळींत पडलं होतं, सोन्यासारखं वाळलेलं, आणि आम्ही बघता बघता ते खाली बसलं. शेजारी कुणाला बोलवायचं म्हटलं तर सगळे आपापल्या गवताच्या मागे पळत होते. आम्ही ट्रॉलीच्या खाली शिरलो, दुसरीकडे जायला जागाच नव्हती. वर्लिन चाकाला टेकून बसला, मी त्याच्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब. ट्रॉलीखाली ते फार लांब नव्हतं.

"माझ्याकडे गवत आहे," थोड्या वेळानं तो म्हणाला. "जास्त आहे. लागेल तेवढं ने."

मी म्हटलं, तुझं गवत तुझ्यापाशी ठेव. माझं गवत घरात आणीन असं मी जोलीनला म्हटलं होतं. तुझं आणीन असं नव्हतं म्हटलं.

"मग तिला काय सांगणार?"

"गुरं काढते म्हणून सांगीन. शब्द दिलाय."

तो टोपीतलं पाणी झटकत बसला. ते बघून माझ्या डोक्यात खून चढला. ह्याच्या मनगटापायी माझी गुरं गेली, आणि हा तोंडातून एक शब्द काढत नाही, आभार नाहीत, चुकलं नाही, काही नाही. मी तेच म्हटलं. म्हटलं, क्लचपर्यंत जायला मला आणखी चार पावलं लागली असती, म्हणून बटण ओढलं. तेव्हा गवत माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. गवत डोक्यात यायला हवं होतं, वर्लिन. तुझा हात गेला असता तर माझं काय गेलं असतं? आपला संबंध काय? मी का धावले? सांग ना. तुला तर सगळं माहीत असतं.

तो आपल्या मनगटाकडे बघत होता. बाही उघडी लोंबत होती. मग तो बोलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. इतका चढला की मी दचकले.

"गेल्या वर्षी तुझ्यासाठी बटण ओढायला कोण होतं?"

माझ्याकडे पुष्कळ उत्तरं होती. तुला काय करायचंय, हे एक होतं. मी समर्थ आहे, हे एक होतं. इतकी वर्षं कोण येतंय बटण ओढायला, हेही होतं. तो वळून माझ्याकडे बघत राहिला, डोळे लाल, आणि तो मला उत्तर दिल्याशिवाय सोडणार नव्हता. मला ती दुसरी कापणी आठवली. मोजा हातातून ओढला गेला तेव्हा मी किती वेळ तिथेच शेतात बसून होते, बेलर तसाच रिकामा धडधडत होता आणि लांबवर कुठे एक गाडीसुद्धा दिसत नव्हती.

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि पुन्हा समोर बघायला लागला. पाऊस आता चांगला जोरात लागला होता आणि माझं गवत काळं पडत होतं. मला भयंकर राग आला होता. गवताचा नव्हता, गुरांचाही नव्हता. हे मला विचारायला साऱ्या जगात एकच माणूस उरला होता, आणि तो हा होता, त्याचा राग होता.